पेशीची हद्द : भिंत, पटल आणि बाहेरून आलेले निरोप

सूक्ष्मदर्शी

शाळेत पेशी शिकवतात ती आकृती काढून. मधे केंद्रक, आजूबाजूला तंतुकणिका, गॉल्जी, रिक्तिका आणि सगळ्यांच्या बाहेरून एक रेघ. रेघेला बाण काढून 'पेशीपटल' लिहिलं की अर्धा गुण खिशात. आतल्या ऐवजावर दोन पानं आणि रेघेवर दोन ओळी. माझ्या मते हे प्रमाण उलटं हवं. कुठलं अँटिबायोटिक कुणावर चालेल, कुठलं हॉर्मोन सेकंदात काम करेल आणि कुठलं तासांत, याचा बराचसा निकाल त्या रेघेवरच लागतो. म्हणून हा धागा फक्त हद्दीवर. डीएनए वगैरेंवर इथे आधीच पुष्कळ धागे आहेत.

जिवाणूपासून सुरू करतो. त्याच्या आत प्रथिनं, क्षार, शर्करा यांची दाटी, बाहेर त्या मानाने पातळ पाणी. पाणी आत शिरत राहतं आणि आतून दाब येतो. ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे जाड भिंतीच्या, जिवाणूंत हा दाब वातावरणाच्या दाबाच्या २० पटींपर्यंत जातो. नुसत्या पटलाला तो झेपत नाही, म्हणून बाहेरून भिंत. ती पेप्टिडोग्लायकनची असते. नॅग आणि नॅम या दोन शर्करा एकाआड एक गुंफलेल्या लांब साखळ्या, आणि शेजारच्या साखळ्यांना अमिनो आम्लांच्या आखूड तुकड्यांनी घातलेले आडवे सांधे.

हे सांधे जोडणारं एन्झाइम तुकड्याच्या टोकाला असलेली डी-अ‍ॅलनिनची जोडी शोधतं, शेवटचं अ‍ॅलनिन काढून टाकतं आणि उरलेलं टोक शेजारच्या साखळीत बसवतं. पेनिसिलिनचा रेणू दिसायला या जोडीसारखा. हे साम्य टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ साली मांडलं. एन्झाइम त्याला जोडी समजून धरतं, त्याचं चार अणूंचं बीटा-लॅक्टम कडं उघडतं, आणि तो तुकडा तिथेच घट्ट चिकटून बसतो. एन्झाइम कामातून गेलं.

डी आणि एल ही एकमेकांची आरशातली रूपं. आपली प्रथिनं एल-रूपातल्या अमिनो आम्लांची, आणि पेप्टिडोग्लायकन तर आपल्याकडे नाहीच. त्यामुळे पेनिसिलिनला आपल्या पेशीत धरण्यासारखं काही सापडत नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी ही वेगळी भानगड आहे. तेच उघडलेलं कडं रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं आणि प्रतिकारयंत्रणा त्या जोडगोळीला परकं समजते.

ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूवर, तो वाढत असताना, हे औषध टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसावं. काडीसारखी पेशी आधी नेहमीसारखीच लांबत जाते. मग साधारण मधोमध, जिथे ती दुभंगणार असते तिथे, एका अंगाला फुगवटा येतो. हे भिंतीच्या फटीतून बाहेर आलेलं पटल. फुगवटा थोडा वेळ तग धरतो आणि मग एका क्षणी पेशी फिकी पडते, उरतं ते रिकामं कवच. गंमत म्हणजे, हेच साखरेच्या दाट द्रावणात केलं तर पेशी फुटत नाही, गोल होऊन जिवंत राहते. जोशुआ लेडरबर्गने १९५६ साली हे दाखवलं. म्हणजे पेनिसिलिन हे काही सरळसरळ विष नाही, जिवाणूला मारतं ते पाणी.

पटल आणि हॉर्मोनकडे येतोच आहे. तोवर शंका विचारा.

---

मृद्गंध

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

टिंबटिंब

धागा छान, पण 'भिंतीच्या फटीतून' याचा अर्थ पेनिसिलिन भिंत तोडतं असा होतो. ते तर फक्त नवीन सांधे रोखतं ना? मग आधीची चांगली बांधलेली भिंत फुटते कशी?

---

सूक्ष्मदर्शी

टिंबटिंब, मुद्द्याचं विचारलंत. तोडतो तो जिवाणू स्वतःच. वाढायचं तर जुने सांधे कापून मधे नवा माल घालावा लागतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे स्वतःची कापणारी एन्झाइम्स असतात. पेनिसिलिनमुळे जोडणी बंद पडते पण कापणी चालूच राहते. म्हणून हे औषध वाढत असलेल्या जिवाणूवरच जोरात चालतं. निपचित पडलेला जिवाणू त्यातून वाचू शकतो.

भिंत खरोखर तोडणारा पदार्थ पाहायचा तर आपल्या अश्रूंत पाहा. लायसोझाइम. अलेक्झांडर फ्लेमिंगने ते १९२२ मध्ये, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी शोधलं. नॅम आणि नॅग यांच्यामधला बंध ते थेट कापतं. योग्य जिवाणूंच्या गढूळ द्रावणात अश्रूंचा थेंब टाकला की थोड्याच वेळात द्रावण निवळतं. 'योग्य' म्हणजे ज्यांची भिंत उघड्यावर आहे असे. बऱ्याच जणांची नसते.

---

खवचट_खार

थोडक्यात, सर्दी झाली की पेनिसिलिन गटातल्या गोळ्या स्वतःच्या मनाने गिळणारे लोक नसलेली भिंत पाडत असतात. विषाणूला भिंत नाही, पटलही स्वतःचं नाही, पेशी तर नाहीच नाही. पण नाक वाहतंय म्हटल्यावर काहीतरी पाडलंच पाहिजे.

---

अर्धविराम

खार =)) +१

पण जिवाणूंतही बिनभिंतीचे असतात असं वाचलंय. त्यांचं काय? आणि क्षयाच्या जंतूंवर साधं पेनिसिलिन का देत नाहीत?

---

रानवाट

आमच्या प्रयोगशाळेत रोज काचपट्ट्या रंगवायचं काम असतं, त्यामुळे यावर थोडं सांगू शकेन.

बिनभिंतीचा म्हणजे मायकोप्लाझ्मा. त्याच्यावर पेनिसिलिनची मात्रा चालत नाही, कारण लक्ष्यच नाही. तो आपल्या पटलात यजमानाकडून घेतलेलं कोलेस्टेरॉल भरून ते बळकट करतो. जिवाणूंत हे दुर्मीळ आहे. त्याच्यासाठी भिंतीऐवजी रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, जाणारी औषधं वापरतात.

क्षयाच्या जंतूला पेप्टिडोग्लायकन आहे, पण त्याच्यावर मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो. साधे रंगसुद्धा त्यात नीट शिरत नाहीत. झील-नील्सन पद्धतीत लाल रंग घालून पट्टी खालून वाफ येईपर्यंत तापवतात तेव्हा कुठे रंग आत जातो, आणि एकदा गेला की आम्लाने धुतलं तरी निघत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर लालभडक बारीक काड्या दिसल्या की ओळखायचं. शिवाय या जंतूकडे पेनिसिलिनचं कडं फोडणारं बीटा-लॅक्टमेज एन्झाइमही असतं.

आता ग्रॅम रंजन. हान्स क्रिश्चियन ग्रॅम हा डॅनिश डॉक्टर, त्याने १८८४ साली बर्लिनमध्ये ही पद्धत काढली. आधी जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, दोघांचा मिळून मोठा गठ्ठा बनतो. मग अल्कोहोल. इथे खरी परीक्षा. पट्टी तिरपी धरून थेंब थेंब सोडायचं आणि खाली ओघळणाऱ्या अल्कोहोलचा जांभळा रंग फिका पडतो तो क्षण साधून लगेच धुवायचं. थोडं जास्त झालं तर जांभळे राहायला हवेत तेही रंग सोडतात, थोडं कमी झालं तर सगळंच जांभळं. शेवटी सॅफ्रॅनिन, म्हणजे रंग सोडलेले गुलाबी दिसतात. नव्या माणसाच्या पट्टीवर एकाच जातीचे जंतू अर्धे जांभळे अर्धे गुलाबी दिसले तर मी आधी अल्कोहोलची चौकशी करते, जंतूची नंतर.

जांभळे ते ग्रॅम-पॉझिटिव्ह, भिंत २० ते ८० नॅनोमीटर जाड. अल्कोहोलने ती आक्रसते आणि गठ्ठा आत अडकतो. गुलाबी ते ग्रॅम-निगेटिव्ह. त्यांची भिंत जेमतेम काही नॅनोमीटरची, पण तिच्याबाहेर आणखी एक पटल. सूक्ष्मदर्शी म्हणतात ती 'उघड्यावर नसलेली' भिंत हीच. लायसोझाइम तिथवर पोचत नाही. व्हॅन्कोमायसिन हा मोठा रेणू, तोही बाहेरच्या पटलातल्या पोरिन नावाच्या बारीक छिद्रांतून जात नाही, म्हणून ते ग्रॅम-पॉझिटिव्हपुरतंच. रिपोर्टवर 'ग्रॅम-निगेटिव्ह बॅसिलाय' एवढे दोन शब्द आले तरी औषधांची अर्धी यादी बाद होते, ती यामुळे.

---

मृद्गंध

रानवाट, प्रतिसाद फार आवडला. वाफ येईपर्यंत तापवायचं हे माहीत नव्हतं.

माझी बाळबोध शंका. जिवाणूला भिंत, वनस्पतीला सेल्युलोजची भिंत, बुरशीला कायटिनची. आपल्यालाच काही नाही. मग आपल्या पेशी पाण्याने का फुटत नाहीत?

---

सूक्ष्मदर्शी

बाळबोध अजिबात नाही. भिंतीवाल्यांनी दाब सोसायची सोय केली, आपल्या पेशींनी दाब येऊच न देण्याची. पटलात सोडियम-पोटॅशियम पंप असतो. एका खेपेला ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत आणि ऊर्जा पुरवणारा एटीपीचा एक रेणू खर्च. येन्स स्कोउ याने खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करून १९५७ मध्ये हे एन्झाइम दाखवलं, नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. आत झिरपणारं सोडियम हा पंप सतत बाहेर फेकतो, म्हणून आतबाहेरचं पारडं समान राहतं. पंप बंद पाडला की पेशी फुगते. आणि तांबडी पेशी थेट शुद्ध पाण्यात टाकली तर पंपालाही आवरत नाही, ती फुटतेच.

पटलाबद्दल. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतले मेद काढून पाण्यावर एक रेणू जाडीचा थर पसरला. त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. निष्कर्ष, पटल दुहेरी आहे. पुढे लक्षात आलं की त्यांनी मेद पूर्ण काढलेच नव्हते, आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी मोजलं होतं. दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आलं! परीक्षेत असं झालं तर मास्तर गुण देतील का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

आणि हे पटल स्थिर नाही. फ्राय आणि एडिडिन यांनी १९७० साली उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र केली. उंदराच्या प्रथिनांना एक रंग, माणसाच्या प्रथिनांना दुसरा. सुरुवातीला एक अर्धगोल हिरवा, एक लाल. ३७ अंशांवर साधारण ४० मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे मिसळले. थंडीत मात्र ढिम्म हलले नाहीत. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी जे प्रवाही पटलाचं चित्र मांडलं त्याला असा आधार होता. पुढे रिसेप्टरकडे, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाकडे, जाताना हे लक्षात ठेवा. पटलातली प्रथिनं खिळे ठोकून बसवलेली नसतात, ती हिंडतात आणि एकमेकांना भेटतात.

---

अर्धविराम

म्हणजे पटल तेलकट, पाण्यात विरघळणारं त्यातून जात नाही. मग रक्तातून आलेलं हॉर्मोन पेशीला निरोप देतं कसं? सगळेच आत शिरतात का?

---

सूक्ष्मदर्शी

याच प्रश्नासाठी धागा काढला होता.

ढोबळ नियम असा. हॉर्मोन पाण्यात विरघळणारं असेल, म्हणजे अ‍ॅड्रेनालिन, इन्सुलिन, ग्लुकागॉन, तर ते बाहेरच थांबतं आणि त्याचा रिसेप्टर पटलावर असतो. मेदात विरघळणारं असेल, म्हणजे कॉर्टिसोल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, तर ते पटल ओलांडतं आणि त्याचा रिसेप्टर आत असतो.

पहिल्या प्रकारात बाहेरचा निरोप आत पोचतो कसा, याचा शोध अर्ल सदरलँडने लावला. त्याची युक्ती सुंदर आहे. यकृताच्या पेशी फोडल्या आणि दोन भाग केले. एकात पटलाचे तुकडे असलेला जड भाग, दुसऱ्यात वरचं निवळ द्रव. ग्लायकोजेन, म्हणजे यकृतातला साखरेचा साठा, फोडणारं एन्झाइम त्या द्रवात होतं. पण नुसत्या द्रवात हॉर्मोन घातलं तर काहीच घडेना. मग हॉर्मोन आणि एटीपी घातलं पटलाच्या तुकड्यांत, ते मिश्रण उकळलं, गाळ टाकून दिला आणि उरलेलं द्रवात ओतलं. एन्झाइम जागं झालं! उकळल्यावर प्रथिनं बाद होतात, म्हणजे कुठलातरी लहान, उष्णतेला न जुमानणारा रेणू पटलापाशी तयार झाला होता आणि तोच निरोप पुढे नेत होता. तो सायक्लिक एएमपी. हे १९५७-५८ चं काम, नोबेल १९७१ मध्ये.

रिसेप्टर आणि सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम यांच्या मधे आणखी एक प्रथिन असतं, जी-प्रथिन. रॉडबेल आणि गिलमन यांना त्याबद्दल १९९४ चं नोबेल. रिसेप्टर जागा झाला की जी-प्रथिन जीडीपी हा लहान रेणू सोडून त्याचाच ऊर्जेने भरलेला भाऊ जीटीपी धरतं आणि चालू होतं, जीटीपीचं विघटन करून स्वतःच बंद होतं. हे 'स्वतःच बंद होणं' पुढे कामी येणार आहे. माणसाच्या जनुकसंचात अशा जी-प्रथिनवाल्या रिसेप्टरांची सुमारे ८०० जनुकं आहेत.

दुसऱ्या प्रकारात कॉर्टिसोल आत येतं. त्याचा रिसेप्टर पेशीद्रवात एचएसपी९० या प्रथिनाशी जखडलेला असतो. कॉर्टिसोल बसलं की तो केंद्रकात जातो, डीएनएच्या ठरावीक जागी बसतो आणि जनुकं चालू-बंद करतो. मग आरएनए, मग प्रथिन, मग परिणाम. यात तास जातात.

दम्याचे दोन पंप वापरणाऱ्यांना हा फरक अंगवळणी पडलेला असतो. साल्ब्युटामॉलचा पंप पटलावरच्या बीटा-२ रिसेप्टरवर जातो, काही मिनिटांत छाती मोकळी. स्टिरॉइडचा, म्हणजे कॉर्टिसोलच्या जातीच्या औषधाचा, पंप जनुकांमार्फत काम करतो, म्हणून तो रोज नेमाने घ्यायचा असतो, आणि घेतल्या घेतल्या काहीच जाणवलं नाही तरी सोडायचा नसतो.

---

टिंबटिंब

तुमच्या ढोबळ नियमाला थायरॉइडने सुरुंग लावलाय. थायरॉक्सिन हे अमिनो आम्लापासून, टायरोसिनपासून बनतं. स्टिरॉइड नव्हे. तरी रिसेप्टर केंद्रकात. आणि ते आत जातं तेही आपसूक नाही, त्याला वाहक प्रथिनं लागतात. त्यातलं एमसीटी८ बिघडलं तर रक्तात टी३ हे थायरॉइड हॉर्मोन भरपूर असूनही मेंदूला पुरेसं मिळत नाही आणि बाळाच्या मेंदूची वाढ गंभीरपणे खुंटते.

दुसरं, सगळ्या स्टिरॉइड रिसेप्टरांना पेशीद्रवात बसवू नका. इस्ट्रोजेनचा बहुतांशी केंद्रकातच असतो.

---

सूक्ष्मदर्शी

दोन्ही मुद्दे रास्त. 'ढोबळ' शब्द त्यासाठीच होता. इस्ट्रोजेनबद्दल भर घालतो. एलवूड जेन्सनने १९५८ च्या सुमारास किरणोत्सारी हायड्रोजन लावलेलं एस्ट्राडायॉल उंदरांना दिलं. ते शरीरभर फिरलं, पण गर्भाशयात टिकून राहिलं, आणि रासायनिकदृष्ट्या जसंच्या तसं. तोवर अनेकांची समजूत होती की हॉर्मोन एखाद्या अभिक्रियेत वापरलं जातं. इथे तर ते नुसतं बसून होतं.

---

पाऊलवाट७

नमस्कार, धागा माहितीपूर्ण. माझ्या बहिणीचा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन) वाढलेला आलाय, टी४ (थायरॉक्सिन) नॉर्मल. हा रिसेप्टरचा प्रॉब्लेम असू शकतो का? गोळी सुरू करावी का?

---

सूक्ष्मदर्शी

पाऊलवाट, रिपोर्टवर इथे सल्ला नको. असा रिपोर्ट बऱ्याचदा येतो आणि रिसेप्टरचा दोष हे त्याचं नेहमीचं कारण नाही. बहिणीचं वय, लक्षणं, गरोदरपण हे सगळं बघून डॉक्टर ठरवतील.

---

खवचट_खार

सगळीकडे रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि हॉर्मोन म्हणजे किल्ली असं लिहितात. मला ते कधी पटलं नाही. एकच किल्ली एका दारात घातली तर दार उघडतं आणि दुसऱ्यात घातली तर बंद होतं, असं कुठे असतं का? अ‍ॅड्रेनालिनने श्वासनळ्या सैलावतात आणि त्याच अ‍ॅड्रेनालिनने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात. घाबरलेला माणूस धापा टाकतो आणि पांढराफटकही पडतो.

---

सूक्ष्मदर्शी

खार, आज खवचटपणा सोडून थेट मुद्द्यावर! याच कोड्यावरून रेमंड आल्क्विस्टने १९४८ साली अल्फा आणि बीटा असे दोन रिसेप्टर असले पाहिजेत असं मांडलं. फार कुणी मनावर घेतलं नाही. जेम्स ब्लॅकने घेतलं, आणि त्यातून प्रोप्रानोलॉल आलं. ते बीटा रिसेप्टरवर जाऊन बसतं, पण त्याला जागं करत नाही, नुसती जागा अडवतं. त्यामुळे हृदयाची धडधड कमी होते. ब्लॅकला १९८८ चं नोबेल.

हॉर्मोनमध्ये अर्थ नसतो, अर्थ पेशी लावते. कुठला रिसेप्टर आहे आणि त्याच्या मागे आत काय जोडलंय, त्यावर सगळं. कुलूप-किल्लीत हा 'मागे काय जोडलंय' भाग दिसतच नाही.

---

मृद्गंध

मग हॉर्मोन पुरेसं आहे पण रिसेप्टरच नाही, असंही होत असेल?

---

टिंबटिंब

होतं. फुलर अल्ब्राइटने १९४२ साली असे रुग्ण वर्णिले. पॅराथायरॉइडच्या कमतरतेची सगळी लक्षणं, रक्तात कॅल्शियम कमी. त्याने बाहेरून पॅराथायरॉइडचा अर्क टोचला, तरी शरीर ढिम्म. दोष हॉर्मोनचा नसून ते ऐकणाऱ्या अवयवाचा आहे हा तर्क त्याने लावला, तेव्हा रिसेप्टर कुणी पाहिलेलाही नव्हता. पुढे कळलं की यात बऱ्याच जणांचा रिसेप्टर ठीक असतो, त्यामागचं जी-प्रथिन बिघडलेलं असतं. म्हणजे खार म्हणतात तेच, मागची जोडणी.

रिसेप्टरचाच दोष हवा असेल तर अँड्रोजेन असंवेदनशीलता. गुणसूत्रं एक्सवाय, टेस्टोस्टेरॉन भरपूर, पण रिसेप्टर चालत नाही. दोष पूर्ण असेल तर बाळ जन्मतः मुलगी दिसतं, मुलगी म्हणूनच वाढतं, आणि बऱ्याचदा पाळी आली नाही म्हणून तपासणी होते तेव्हा हे समजतं.

---

रानवाट

जिवाणू आणि रिसेप्टर हे दोन टोकांचे विषय वाटत असतील तर पटकी (कॉलरा) बघा, तिथे दोघांची गाठ पडते.

पटकीचा जंतू आतड्याच्या पेशीत शिरतही नाही. तो बाहेर राहून विष सोडतो. हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केलं. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू गाळून काढलेलं द्रव भरलं. जंतू एकही नाही, तरी तुकडा पाण्याने टम्म फुगला. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८८४ मध्येच विषाचा अंदाज बांधला होता, पुरावा मिळायला पाऊणशे वर्षं गेली. डे यांना हयातीत मिळायला हवा होता तेवढा मान मिळाला नाही, हे माझं स्पष्ट मत.

विषाचे पाच एकसारखे भाग पटलावरच्या जीएम१ या मेदाला चिकटतात आणि सहावा भाग आत जातो. तो काय करतो? सूक्ष्मदर्शींनी वर सांगितलेलं जी-प्रथिन पकडतो आणि त्याचं स्वतःच बंद होणं मोडून टाकतो. मग ते चालूच. सायक्लिक एएमपी वाढतच जातं, क्लोराइडचे मार्ग उघडे राहतात, क्लोराइडच्या मागे सोडियम, त्यांच्या मागे पाणी. तीव्र पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. हॉर्मोनही नाही, रिसेप्टरही जागा झालेला नाही, आणि पेशी मात्र निरोप आल्यासारखी वागतेय.

उपाय पण पटलातच. सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आत ओढणारा वाहक या विषाने बिघडत नाही. म्हणून क्षारसंजीवनीत (ओआरएस) मिठाबरोबर ग्लुकोज हवंच, ते चवीसाठी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरमागे सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल, अगदी सारखं. साखर 'जरा जास्त' टाकू नका, दाट द्रावण उलट पाणी बाहेर खेचतं.

---

खवचट_खार

शंभुनाथ डे हे नाव मी आज पहिल्यांदा वाचलं. शाळेच्या पुस्तकात कॉख होते, चांगला दाढीवाला फोटोही होता.

---

अर्धविराम

रानवाट, दंडवत. शेवटचा प्रश्न. जिवाणू आपल्या निरोपयंत्रणेत लुडबुड करतात ते कळलं. त्यांच्यात आपापसात निरोप असतात का? आणि तिथेही आत-बाहेरचा हाच नियम?

---

सूक्ष्मदर्शी

असतात, आणि बहुतांशी हाच नियम. विब्रिओ फिशेरी हा समुद्री जिवाणू, पटकीच्या जंतूचा भाऊबंद. तो चमकतो, पण गर्दी झाली तरच. प्रत्येक जण एक छोटा रेणू सोडत असतो. गर्दी वाढली की त्याचं प्रमाण वाढतं आणि एका पातळीला सगळे मिळून प्रकाशाची जनुकं चालू करतात. १९७० च्या सुमारास नील्सन आणि हेस्टिंग्ज यांनी हे उलगडलं. तो रेणू पटलातून आरपार जातो, म्हणून त्याचा रिसेप्टर आत, थेट डीएनएवर बसणारा, आपल्या स्टिरॉइडच्या धर्तीवर. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंचे निरोप मात्र बहुधा लहान पेप्टाइड असतात. ते आपसूक आत जात नाहीत, म्हणून अनेकांत रिसेप्टर पटलावर, इन्सुलिनसारखा.

---

टिंबटिंब

'बहुतांशी' शब्द घातलात ते बरं केलंत, कारण वनस्पती शिल्लक आहेत. त्यांच्याकडेही स्टिरॉइड हॉर्मोन असतं, ब्रासिनोस्टिरॉइड. तुमच्या हिशेबाने रिसेप्टर आत हवा. तो आहे पटलावर! नाव बीआरआय१, १९९७ मध्ये त्याचं जनुक सापडलं. आणि ऑक्सिन, जे स्टिरॉइड नाही, त्याचा टीआयआर१ हा रिसेप्टर केंद्रकात.

बीआरआय१ बिघडलेलं रोप बुटकं, गर्द हिरवं आणि आखडलेल्या पानांचं राहतं. हॉर्मोन बनवता न येणारं रोपही हुबेहूब तसंच दिसतं. दोघांवर ब्रासिनोस्टिरॉइड फवारलं की दुसरं वाढायला लागतं आणि पहिलं आहे तसंच राहतं. कुठलं कोणतं, ते ओळखायची तीच चाचणी.